अठ्ठावन्न गाणी

मिठूने काउंटरवर ठेवलेली वस्तू मी बघताक्षणी ओळखली, आणि ओळखली नाही असं दाखवलं. धंद्याची खोड. गिऱ्हाईक काहीतरी समोर ठेवतं, आपण चष्मा कपाळावर चढवायचा आणि "हं, काय झालंय याला?" असं विचारायचं, जन्मात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. पण मिठू गिऱ्हाईक नव्हती. माझ्या थोरल्या भावाची ती एकुलती एक मुलगी, आणि दादाला जाऊन दोन महिने झाले होते. तिने रुमालात गुंडाळून आणलेला तो दादाचा एमपीथ्री प्लेअर होता. बोटभर लांबीचा, राखाडी, मधे एका ओळीचा पडदा. टोकाचं झाकण केव्हाच हरवलेलं, तिथे दादाने पांढरी चिकटपट्टी लावली होती, आणि सतरा वर्षांत ती इतकी मळली होती की आता तेच त्याचं झाकण वाटत होतं. "काका, हा चालू करून दे," ती म्हणाली. "आणि आजच दे. तुझं उद्या-परवा मला माहितीये."

"गाणी ऐकायचीत तर फोनात काय कमी आहेत तुझ्या?"

"गाणी नकोत मला. यात बाबांचा आवाज आहे."

मिठू अडीच वर्षांची होती तेव्हा दादाच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. म्हणजे तिने बापाचा आवाज ऐकला होता, पण ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि कळायला लागल्यापासून ती तो सगळ्यांकडे मागत आली होती. कसा होता, जाड होता का, हसायचे कसे, मला हाक कशी मारायचे. वहिनी सांगायची, मी सांगायचो, पण आवाज काही सांगून कळत नाही. गोड होता म्हणा, भारदस्त होता म्हणा, समोरच्याच्या हातात काही पडत नाही. घरात पाटीवर लिहिणारा बाप आणि अखंड बडबडणारी पोरगी. मिठू हे नावही दादानेच ठेवलेलं, बोलत होता तेव्हा. आता ती एका कंपनीत दिवसभर हेडफोन लावून परक्या लोकांच्या तक्रारी ऐकते. शंभर आवाज ऐकून घरी येते आणि तिथे एक नसतो. हे वाक्य माझं नाही, तिचंच आहे, आणि ती ते हसत म्हणते.

तिने पर्समधून एक छोटी डायरी काढली. दादा बस डेपोत होता, तिथे वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना मिळायची तसली, निळ्या पुठ्ठ्याची. "कपाट आवरताना सापडली," ती म्हणाली, आणि चौथीतल्या मुलीसारखं ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. "'आज सहा तुकडे बोललो. घसा दुखतो. उद्या पाच. अकरा झाले की थांबतो. मिठूला मोठेपणी ऐकू दे.' ऑपरेशनच्या आधीचा आठवडा आहे हा, काका. आणि दुसऱ्या दिवशी फक्त 'अकरा झाले'. आईलासुद्धा माहीत नव्हतं."

मलाही माहीत नव्हतं. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याला काही किंमत राहत नाही. मी विचारलं, पुढच्या पानावर काय आहे. तिने पान उलटलं. "काही नाही. 'प्लेअर धाकट्याकडे दिला, गाणी भरायला.' म्हणजे तुझ्याकडेच आला होता की. तू ऐकलं होतंस?"

"नाही," मी म्हटलं. हे खरं होतं. त्या दिवसभरात मी बोललेली ती शेवटची खरी गोष्ट. मी चिमटा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "तासाभराने ये," मी तिला सांगितलं. ती म्हणाली, इथेच बसते. मी म्हटलं, "तू डोक्यावर बसलीस की माझा हात चालत नाही. जा, चहा पिऊन ये." ती गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज वर वर जाताना ऐकला. माझं दुकान बाजाराच्या तळघरात आहे, इथून जाणारा प्रत्येक माणूस पायांपासून दिसेनासा होण्याऐवजी डोक्यापासून दिसेनासा होतो. शेवटी तिच्या टाचा राहिल्या, मग त्याही गेल्या.

प्लेअर उघडायला दोन मिनिटं लागली. आतली बॅटरी फुगून बसली होती. असल्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत, पण माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये मेलेल्या यंत्रांचा ढीग आहे, त्यातून काहीतरी निघतंच. ड्रॉवर ओढला. वहिनी त्याला माझं स्मशान म्हणते. सगळ्यात तळाशी कॅसेटचे, कमरेला लावून फिरायचे ते. त्यांचे रबरी पट्टे पातळ व्हायचे आणि गाणारा माणूस झोप आल्यासारखा गायला लागायचा. मी धंद्याला लागलो तेव्हा दिवसभर पट्टेच बदलायचो. त्यांच्यावर सीडीचे, थाळीएवढे. ते खिशात मावत नसत आणि चालताना पाऊल जरा जोरात पडलं की गाणं उडी मारायचं. लोक ते दोन्ही हातांत धरून, दुधाचं पातेलं नेल्यासारखे जपून चालायचे, आणि याला चालता-फिरता संगीत म्हणायचं. मग आले चिपचे. पहिल्यांदा जो आला त्यात आठ गाणी बसायची. आठ. लोक आठवडा आठवडा विचार करून यादी करून आणायचे, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. एक म्हातारे गृहस्थ सात गाणी लिहून आठवी ओळ मोकळी ठेवायचे आणि म्हणायचे, राहू दे, सुचेल. मग चकती फिरणारे आले, हजार गाणी खिशात. ते एकदा हातातून पडले की आत टिकटिक वाजायचं आणि हजारच्या हजार गाणी एकदम जायची. मग बोटभराचे हे आले, स्वस्त, ज्याच्या त्याच्या गळ्यात. आणि मग फोनने सगळ्यांना गिळलं, ढेकरही दिली नाही. प्रत्येक जण आला तो आता यापुढे काही नाही अशा थाटात आला. मी प्रत्येकाला उघडून बघितलंय. आत सगळे सारखेच घाबरट असतात, थोडं पाणी, थोडी धूळ, झालं.

कॅसेटचं मात्र एक होतं. तिच्या पाठीला दोन दात असायचे. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरताच यायचं नाही, यंत्राचं बटणच दाबलं जात नसे. घरोघरी लोक पोरांच्या बोबड्या बोलांच्या, गेलेल्या आईच्या कॅसेटचे दात सुरीच्या टोकाने मोडून ठेवायचे. पुढच्या कुठल्याच यंत्राला ते दात आले नाहीत. मी सोल्डरिंग गन तापत ठेवली होती आणि हा विचार करत होतो, आणि मला माहीत होतं की मी हा विचार दुसऱ्या विचाराला दाराबाहेर थोपवून धरण्यासाठी करतोय.

तो दुसरा विचार असा. त्या काळात मी दुरुस्तीबरोबर गाणी भरून द्यायचो. घरोघरी कॉम्प्युटर नव्हते, माझ्याकडे होता. लोक प्लेअर आणि यादी ठेवून जायचे. आणि माझ्या मालकांनी, ज्यांच्याकडे मी काम शिकलो, चिपचं पहिलं यंत्र आलं त्याच दिवशी सांगितलं होतं: यंत्र हातात आलं की आधी फॉरमॅट मारायचा, म्हणजे आतलं सगळं पुसून ते कोरं करायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही. लोक कुठून कुठून अर्धवट फायली भरून आणतात, त्या अडकतात, प्लेअर बंद पडतो आणि नाव आपलं खराब होतं. फॉरमॅट मारला की शंभरातले नव्वद रोग बरे. हे माझ्या हातात इतकं मुरलं होतं की मी गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता फॉरमॅट मारायचो, जसं आपण बोलता बोलता शर्टाची बटणं लावतो. फॉरमॅट, मग माइकची टेस्ट, मग गाणी. टेस्ट म्हणजे स्वतःच्याच आवाजात चार शब्द बोलून, ऐकून, पुसून टाकायचे.

दादा तो देऊन गेला तो दिवस मी आठवायला लागलो. गेली सतरा वर्षं तो मला आठवावासा वाटला नव्हता, कारण त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं. दादा जिना उतरून आला. आवाज तोपर्यंत पार बसला होता, तो कुजबुजल्यासारखं बोलायचा. डेपोतून महिनाभर रजेवर होता. त्याने प्लेअर काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "हॉस्पिटलात पडून पडून कंटाळा येईल, चांगली गाणी भर." मी म्हटलं, यादी दे. तो म्हणाला, "तुला माहीत नाहीत होय माझी गाणी?" आणि निघताना, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, मागे वळून म्हणाला, "सांभाळून रे." एवढंच. यंत्र नवीन होतं, वहिनीने घेऊन दिलेलं, मला वाटलं ओरखडे पाडू नको म्हणतोय. मी म्हटलं, "मी काय आज करतोय का हे?" तो हसला. तो हसला की नाही हे मला नक्की आठवत नाही, पण हसल्याशिवाय तो जायचा नाही. एक वाक्य जास्त बोलला असता तर. पण त्याला एकेक शब्द दुखत होता, आणि त्याचे सगळे शब्द त्याने आदल्या दोन दिवसांत खर्चून टाकले होते, त्या काउंटरवरच्या बोटभर वस्तूत. आणि दादाला तो फुकटचा मोठेपणाच होता, मिठूसाठी काहीतरी करून ठेवलंय हे कुणाला कळू द्यायचं नाही. मला राग येतो याचा. सांगायचं होतंस की रे. मी तुझा भाऊ होतो, पोस्टमन नव्हतो.

बॅटरी बसली. पडदा निळसर उजळला, तारीख दाखवू लागला, एक जानेवारी. असल्या स्वस्त यंत्रांची तारीख कायम एक जानेवारीच असते. मी तो कॉम्प्युटरला जोडला. दोन फोल्डर. गाण्यांच्या फोल्डरमध्ये अठ्ठावन्न गाणी. मी भरलेलीच, नावंसुद्धा मीच टाइप केलेली, एकात चूक राहिलेली. आवाजाच्या फोल्डरमध्ये एक फाइल. अकरा नाही, एक. अकरा सेकंदांची. मी हेडफोन लावले, आणि मला आधीच माहीत होतं, तरी त्या क्षणी मी कुणाच्या तरी पाया पडलो असतो. "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन... चार. ऐकू येतंय का? येतंय. ठीक आहे." माझा आवाज. पस्तिशीतला, सर्दी झालेला, डब्यातून आल्यासारखा. त्या माइकवर कुणाचाही तसाच यायचा. त्या दिवशी टेस्ट पुसायची राहून गेली होती.

मग जे जे करतात ते सगळं मी केलं. पुसलेलं परत काढायचे प्रोग्राम माझ्याकडे तीन आहेत. फॉरमॅट मारला म्हणजे सगळं लगेच जात नाही, हे लोकांना माहीत नसतं. जुनं तिथेच खाली पडून असतं, त्यावर नवं काही येईपर्यंत. मी अर्धा भरून दिला असता तर खालच्या अर्ध्यात दादा सापडला असता, तुटका, अडखळता, पण सापडला असता. पण भावाला हॉस्पिटलात जायचं होतं. मी दोन दिवस बसून त्याची आवडती गाणी शोधली होती, जागेसाठी एकेका गाण्याच्या शेवटची टाळ्यांची सेकंदं कापली होती, आणि प्लेअर काठोकाठ भरला होता. एका गाण्याचीही जागा शिल्लक ठेवली नव्हती. याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, मी दादाला तसं म्हणालोही होतो, "बघ, बोट शिरवायला जागा नाही." तिन्ही प्रोग्राम चालवले. तिन्हींनी मला तीच अठ्ठावन्न गाणी परत काढून दिली. गाणी चांगली होती. कुणाला शिवी द्यावी तर समोर कुणी नव्हतं.

दादाचा आवाज अख्ख्या गावाने ऐकला होता आणि कुणीही ठेवला नव्हता. डेपोत तो गाड्यांची घोषणा करायचा. फलाट क्रमांक तीनवरची गाडी आता सुटेल, वगैरे. सकाळी पहिली घोषणा करण्याआधी माइक तपासायचा: हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन, आणि मग थांबून, खाली उतरून, चार. तो चार ऐकून चहावाले दुकानं उघडायचे. लहानपणी शाळेला दांडी मारून मी त्याच्या काचेच्या खोलीत बसायचो. पुढे माझ्या कामात माइक तपासायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून त्याचंच निघालं, त्याच्याच चालीत, थांबून, खाली उतरून. आमचे आवाज तसेही सारखे होते. लग्न ठरायच्या आधी वहिनीने एकदा घरी फोन केला, तो मी उचलला, आणि ती दोन मिनिटं माझ्याशी असं काही बोलली की मला मधे थांबवायचं धाडस होईना. अजून ती मला चिडवते, माझं निम्मं लग्न तुमच्याशीच ठरलं म्हणून. पण त्यानंतर ती कधी चुकली नाही. कसं ओळखता विचारलं तर म्हणायची, "भाऊजी, तुम्ही बोलायच्या आधी श्वास घेता. हे बोलून झाल्यावर घेतात." दादा गेल्यावर डेपोत यंत्र बसवलं, एका बाईचा आवाज भरलेला. म्हणजे गेला असं मी म्हणतो, त्याला फक्त मागच्या खोलीत पावत्या लावायला बसवला होता. तिथे तो सोळा वर्षं त्या बाईचा आवाज ऐकत बसला.

घशाला लावून बोलायचं एक यंत्र त्याला हॉस्पिटलने दिलं होतं. त्यातून भुंग्यासारखा गुणगुणता आवाज यायचा. घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा ते लावलं आणि म्हणाला, मिठू. पोरगी किंचाळून पलंगाखाली गेली, तिला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. दादाने ते यंत्र कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि पाटी घेतली. कुणी काही विचारलं की तो आधी घशाकडे बोट दाखवायचा, मग लिहायचा. बोट दाखवायची काही गरज नव्हती, सगळ्यांना माहीत होतं, पण सवय. मिठू त्या पाटीपायी चौथ्या वर्षीच वाचायला शिकली.

आणि ती पाटीच मला आठवली. प्रोग्राम तिसऱ्यांदा शंभर टक्क्यांवर येऊन थांबला होता आणि मला हॉस्पिटलची खोली आठवली. ऑपरेशन होऊन आठवडा झालेला, दादा उशांना टेकून बसलेला, गळ्याला पट्ट्या, कानात ह्याच प्लेअरच्या वायरी. मी फळं घेऊन गेलो होतो. विचारलं, कशी वाटली गाणी? त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पाटीवर लिहिलं: तुझा आवाज माझ्यासारखाच आहे. मी हसलो. म्हटलं, "आता कळलं होय तुला? सगळं गाव फसायचं फोनवर." त्यानेही मान हलवली आणि बाहीने पाटी पुसली. मला वाटलं, आवाज गेलाय, त्याचं मनात येत असेल. त्याने त्या सकाळी फोल्डर उघडला असणार. अकरांच्या जागी एकच फाइल सापडली असणार, आणि त्यात मी, ऐकू येतंय का, येतंय, ठीक आहे. आणि मग मी फळं घेऊन दारात.

त्यानंतर सतरा वर्षं मी त्याला म्हणत आलो, दे रे तो प्लेअर, नवी गाणी भरून देतो, तीच तीच काय ऐकतोस. तो मूठ आवळून घ्यायचा आणि मान हलवायचा. मी सगळ्यांना सांगायचो, दादाचा जीव आहे त्या गाण्यांवर. मी भरलेली ना. मी हे चारचौघांत, त्याच्यासमोर सांगितलंय. तो ऐकून घ्यायचा. माझ्या हातात प्लेअर आला असता तर मी कधी ना कधी तो फोल्डर उघडला असता आणि मला कळलं असतं, म्हणून तो मूठ आवळत होता, की मी पुन्हा काही पुसीन म्हणून, की नुसताच राग होता आणि तो त्याला लिहिता येत नव्हता, हे आता कुणाला विचारू? मारायची होतीस मला एक. पाटी होती ना हातात. मी दुकानात एकटा बसून मोठ्याने असं म्हणालो, आणि म्हणण्याआधी श्वास घेतला, आणि तो मला ऐकू आला.

मिठूला खरं सांगायचं, असं मी ठरवलं. वाक्यही जुळवलं. मिठू, त्यात तुझ्या बाबांचे अकरा तुकडे होते, ते मी पुसले, मला माहीत नव्हतं. तीन भाग, जमण्यासारखं होतं. टेस्टची फाइल आधी पुसून टाकावी असंही मनात आलं, पण बोट बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पुसायला हात उचलला नाही. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या, आधी पावलं दिसली, मग ती अख्खी. तिच्या हातात माझ्यासाठी कागदी पेल्यात चहा होता, निम्मा सांडलेला. काउंटरवर निळसर पडदा चमकताना तिने पाहिला. "चालू झाला?" म्हणाली, पेला ठेवला, आणि मी तोंड उघडायच्या आत हेडफोन उचलून कानात घातले आणि बटण दाबलं. ती दिवसभर हेच करते, तिचा हात माझ्यापेक्षा सराईत आहे.

अकरा सेकंद फार मोठी असतात. मी तिचा चेहरा पाहत होतो आणि माझ्या मनात आकडे चालले होते. एक, दोन, तीन. थांबून, चार. तिचे डोळे माझ्यावर होते पण ती मला पाहत नव्हती. तिने पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ओठ हलवून आकडे म्हणाली. मग एक हेडफोन काढून, फार हळू, जणू तो आवाज उठून जाईल, म्हणाली, "डेपोतलं आहे ना हे? आई सांगते ते. तो चार."

"हं," मी म्हटलं.

"काका, बाबांचा आवाज तुझ्यासारखाच होता की."

सांगायची हीच वेळ होती, याच्यापुढे दुसरी येणार नव्हती. मला ते इतकं स्पष्ट कळत होतं की मी त्या वेळेकडे बघत राहिलो आणि ती गेली. तिने विचारलं, बाकीचे दहा? मी म्हटलं, गेले. म्हणाली, कसे? मी म्हटलं, चिप आहे बाळा, सतरा वर्षं झाली, टिकत नाही. गिऱ्हाइकांना हे वाक्य मी हजारदा सांगितलंय, ते तोंडातून आपोआप येतं. तिने मान हलवली. दुसऱ्या कुणाकडे दाखवते असं ती म्हणेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. ती म्हणाली, "तुझ्याकडून निघाले नाहीत म्हणजे कुणाकडूनच निघणार नाहीत." आणि रडायला लागली. आनंदाने रडत होती ती, हे सगळ्यात वाईट. काउंटरवरून वाकून तिने माझा हात धरला. थँक्यू म्हणाली. मी तो हात धरू दिला.

मग मला ती घरी ओढून घेऊन गेली, आईला ऐकवायचं म्हणून. वहिनी स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली होती. मिठूने फाइल फोनात घेतली होती, तिने तो फोन ओट्यावर ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला, आणि म्हणाली, "आई, डोळे मिट." वहिनीने डोळे मिटले. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. फोनातून आधी एक बारीक श्वास आला. मग हॅलो, हॅलो. इतकी वर्षं तो श्वास त्या फाइलच्या सुरुवातीला होता आणि दुकानात ऐकूनही माझ्या लक्षात आला नव्हता. वहिनीने डोळे उघडले नाहीत. शेंग हातात तशीच. अकरा सेकंद संपली आणि मिठूने विचारलं, "आहेत ना? बाबाच ना?"

"हो," वहिनी म्हणाली. "त्यांचाच."

मिठू फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तिथून ते पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागलं, कुणाला तरी पाठवत होती, कुणाला तरी ऐकवत होती. मी म्हटलं, "वहिनी..." तिने मान वर केली नाही. शेंगा सोलत राहिली, दाणे एका बाजूला, साली एका बाजूला. मग इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं. "भाऊजी, आता तिच्यासमोर बोलत जाऊ नका. कामापुरतंसुद्धा नको. पोरगी हुशार आहे, दिवसभर आवाजच ऐकते." मी मान हलवली. ती म्हणाली, "ह्यांनी सतरा वर्षं काढली. तुम्हालाही जमेल."

बाहेर आलो तर मिठू खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, फोन छातीशी. तिच्यामागे भिंतीला दादाची पाटी टांगलेली, कोरी पुसलेली. मला पाहून ती हसली आणि म्हणाली, "काका, बस ना. बाबा डेपोत कसे बोलायचे ते सगळं सांग मला, पहिल्यापासून." तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली, फोन मांडीवर ठेवला आणि वाट पाहू लागली. मी बसलो. मी तोंड उघडलं, श्वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

"काय झालं?" तिने विचारलं.

मी घशाकडे बोट दाखवलं.